आधी नांगर, मग इंजिन



तुमच्यापैकी कितीजण भर पाण्यात बंद पडलेल्या होडीत बसले आहेत? मी बसले आहे. आणि त्या अर्ध्या तासात मी जेवढं शिकले, तेवढं डीएडच्या दोन वर्षांतही शिकले नसेन! तीच गोष्ट आज तुम्हांला सांगते.

आमचं गाव गडब. मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ आणि डोलवी मागे टाकलं, की रस्त्याच्या कडेला आमचं गाव लागतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खारेपाटातली भातशेती आणि तिच्या पलीकडे धरमतरची खाडी. नागोठण्याहून येणारी अंबा नदी याच खाडीला मिळते. त्यामुळे आमच्या वर्गातल्या मुलांना सायकलची चेन बसवता येते, तसंच वल्हंही मारता येतं.

आमच्या शेजारचे काका पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या घरातले. आधी त्यांची वल्ह्याची होडी होती. मग त्यांनी साठवलेले पैसे आणि थोडं कर्ज असं करून एक जुनी फायबरची होडी विकत घेतली, इंजिनासकट. इंजिन डिझेलचं, ‘सेकंड हँड’ नव्हे, ‘थर्ड हँड’! विकणारा म्हणाला, “एकदम ओके आहे.” धक्क्याला बांधून इंजिन चालू करून दाखवलं. ते छान धडधडलं. काका खूश झाले.

पण पंधरा दिवसांतच होडी रुसायला लागली. कधी सुरूच होईना, कधी सुरू होऊन मध्येच थांबे. कुणीतरी सांगितलं, “बॅटरी गेली असणार.” काकांनी सहा-सात हजारांची नवी बॅटरी आणली. आठ दिवस बरे गेले. पुन्हा तेच!

त्या दिवशी काय झालं?

दिवाळीची सुट्टी होती. कार्तिक शुद्ध पंचमी. खाडीपलीकडच्या गावात एका बारशाला जायचं होतं. रस्त्यानं लांबचा वळसा, होडीनं थोडासाच वेळ. काका म्हणाले, “चला बाई, मी सोडतो.” होडीत काका, नुकताच आयटीआयमधून ‘मेकॅनिक डिझेल’ झालेला त्यांचा भाचा, मी, माझी दहा वर्षांची लेक आणि माझ्या वर्गातली दोन मुलं.

आता एक गंमत सांगते. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला घड्याळ नाही, तिथी लागते. तिथीची पाऊणपट करायची. पंचमी म्हणजे पाच, पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे साधारण पहाटे पावणेचारला भरती, नंतर सहा तास ओहोटी आणि दुपारी चारच्या सुमारास पुन्हा भरती. आम्ही निघालो सकाळी सातला. म्हणजे ओहोटी अगदी जोरात!

खाडीच्या मध्यावर आलो आणि इंजिन दोनदा खोकलं. तिसऱ्यांदा गप्पच झालं.

मुलांनो, होडी थांबली असं आपण म्हणतो, पण ती थांबत नाही बरं का! इंजिन थांबतं. होडी वाहतच असते. ओहोटीचं पाणी आम्हांला समुद्राच्या दिशेनं ओढत होतं आणि त्याच वाटेनं डोलवीच्या पोलाद कारखान्याला माल नेणारे भलेमोठे बार्ज येत-जात असतात. लेकीनं माझा हात घट्ट धरला. मी भाच्याला म्हणाले, “अरे, बघ ना लवकर इंजिनाकडे!”

काका मात्र शांत. म्हणाले, “बाई, आदी नांगर टाकू. मंग इंजिनाला बगू.”

नांगर पडला, दोरी ताणली, होडीनं तोंड वळवलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली. एवढ्यानंच माझा निम्मा धीर परत आला. लक्षात ठेवा, यंत्र बिघडलं की पहिलं काम दुरुस्तीचं नसतं. पहिलं काम माणसं सुरक्षित करण्याचं. भाच्यानं फोन करून दुसऱ्या होडीला बोलावलं आणि मगच इंजिनावरची फळी उचलली.

पहिला आजार : पाण्यात तेल की तेलात पाणी?

भाच्यानं डिझेलचा फिल्टर खोलला आणि खालच्या वाटीतलं डिझेल एका काचेच्या बरणीत ओतलं. बरणी शांत ठेवली. थोड्याच वेळात तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसू लागला, त्यात काळी घाण. वर पिवळसर डिझेल.

असं का झालं? डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर पाणी एक किलो भरतं, तर एक लिटर डिझेल साधारण ८३० ते ८५० ग्रॅम. त्यामुळे टाकीत पाणी शिरलं तर ते तळाशी बसतं. ते शिरतं कसं? झाकण सैल असलं तर पावसाचं. आणि टाकी अर्धी रिकामी असली, तर वरच्या दमट हवेतलं बाष्प रात्री गार पत्र्यावर जमून थेंब थेंब आत पडतं. थंडीत पहाटे खिडकीच्या काचेवर घाम येतो ना, तसंच!

आता सांगा, धक्क्याला बांधलेली असताना इंजिन छान का चाललं आणि खाडीत का बंद पडलं? करा विचार. धक्क्याजवळ पाणी संथ होतं. टाकीतला गाळ आणि पाणी तळाशी निवांत झोपलं होतं. होडी लाटांवर हलली, तशी तळाची घाण ढवळून वर आली आणि फिल्टर तुंबला. म्हणून जुनी होडी घेताना धक्क्यावर ऐकलेल्या आवाजावर कधी विसंबू नये. तिला पाण्यात फिरवून, हलवून बघावं.

भाच्यानं फिल्टर साफ केला. आता इंजिन सुरू व्हायला हवं ना? पण आधी ‘एअर’ काढावी लागते. फिल्टर खोलला, की नळीत हवा शिरते. औषधाची सुईशिवायची पिचकारी घ्या. तिच्यात पाणी भरा, टोक बोटानं बंद करा आणि दट्ट्या दाबा. दट्ट्या हलणार नाही. आता नुसती हवा भरून दाबा. दट्ट्या सहज आत जाईल. हवा दबते, पाणी दबत नाही. इंजिनाच्या पंपाचंही तसंच होतं. नळीत हवेचा बुडबुडा असला, तर पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो, डिझेल नोझलमधून फवारलंच जात नाही. म्हणून एक स्क्रू सैल करून, हातपंप मारून, बुडबुडे संपेपर्यंत डिझेल वाहू द्यायचं आणि मग स्क्रू आवळायचा.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो, हे तुम्हांला माहीत आहे का? आत आलेली हवा दट्ट्या साधारण पंधरा ते वीस पट दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप खालच्या बाजूला गरम होतो, तो अनुभव आठवा. इथे तर हवा पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला, की तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनं १८९७ मध्ये असं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. दैव बघा, हाच रुडॉल्फ डिझेल १९१३ मध्ये बोटीनं इंग्लंडला जात असताना रात्रीतून नाहीसा झाला आणि पुढे समुद्रात त्याचं प्रेत सापडलं. त्याचं इंजिन मात्र जगभर पोहोचलं. आपल्याकडे पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली आणि तिची इंजिनं शेतांवरच्या विहिरींपर्यंत गेली.

दुसरा आजार : दिवा लागतो, मग सेल्फ का फिरत नाही?

एअर काढून झाली. भाच्यानं सेल्फ मारला.

“टक्.”

पुन्हा मारला. “टक्.” बस, एवढंच. आणि गंमत म्हणजे होडीतला दिवा लख्ख पेटत होता! माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, “बाई, बॅटरीत करंट आहे, मग इंजिनापर्यंत का जात नाही?” किती छान प्रश्न! पण उत्तर मिळायच्या आत दुसरी होडी आली आणि तिनं आम्हांला ओढून काठाला नेलं. बारसं उरकलं, पण काकांचं लक्ष जेवणात नव्हतं. परतताना म्हणाले, “विकून टाकतो ही होडी. जाईन कुठंतरी कामाला.”

भाचा म्हणाला, “मामा, मला एक रविवार द्या.”

त्या रविवारी मी वर्गातल्या चौघांना घेऊन धक्क्यावर गेले. भाच्यानं एक वही उघडली आणि मीटर लावला. आम्ही बघत होतो, तो आकडे लिहीत होता.

१. बॅटरी नुसती असताना : १२.६ व्होल्ट. म्हणजे पूर्ण भरलेली. (१२.२ च्या आसपास असती, तर अर्धी. ११.९ च्या खाली असती, तर जवळजवळ रिकामी.)

२. सेल्फ मारताना बॅटरीच्या टर्मिनलवर : १२.१ व्होल्ट. म्हणजे बॅटरी ठीक.

३. सेल्फ मारताना सेल्फच्या मोटरवर : फक्त ८ व्होल्ट!

म्हणजे वाटेत चार व्होल्ट कुणीतरी खाल्ले. चोर वाटेतच होता. मग त्यानं वाटेचा एक-एक तुकडा मोजला. बॅटरीपासून सेल्फपर्यंतची जाड वायर चांगली निघाली. चोर सापडला दुसऱ्याच टोकाला. बॅटरीची ‘मायनस’ वायर इंजिनाला जिथं जोडली होती तिथं, अर्थिंगच्या बोल्टवर. वरून रंग फासलेला. रंग खरवडला, तर खाली हिरवा-पांढरा भुगा आणि गंज.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. आपल्या खारेपाटात नळाला पाणी कसं येतं, ते आठवा. पाइप निम्मा तुंबलेला असला, तरी एकाच घरातला नळ सोडला तर बादली भरते. पण सगळ्या आळीनं एकदम नळ सोडले, की शेवटच्या घरी थेंबही पोहोचत नाही. विजेचंही तसंच. वाटेत कमी होणारे व्होल्ट म्हणजे करंट गुणिले रोध. समजा, त्या गंजलेल्या सांध्याचा रोध ०.०२ ओहम आहे. हा अगदी नगण्य वाटतो ना? पण गणित करा :

दिव्याला लागतात २ अँपिअर. २ × ०.०२ = ०.०४ व्होल्ट. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

सेल्फला लागतात, समजा, २०० अँपिअर. २०० × ०.०२ = ४ व्होल्ट. एक तृतीयांश जोर वाटेतच संपला!

म्हणून दिवा लख्ख आणि सेल्फ मात्र “टक्”. बॅटरी नवी आणली तेव्हा ती बसवताना वायरी हलल्या, सांधा थोडा घासला गेला आणि आठ दिवस काम भागलं. काकांना वाटलं, बॅटरीनं गुण दिला. खरं तर सात हजारांची बॅटरी आजारावर नव्हतीच. खरं औषध होतं पाच-दहा रुपयांचा पॉलिश पेपर!

भाच्यानं आधी बॅटरीची मायनस वायर काढली. (काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. नाहीतर पान्हा चुकून इंजिनाला टेकला, की मोठी ठिणगी उडते.) बोल्ट, वायरीचं टोक आणि इंजिनाची जागा चकचकीत होईपर्यंत घासली, घट्ट आवळली आणि वरून ग्रीस लावलं. टाकी पूर्ण रिकामी करून धुतली, नवा फिल्टर घातला, एअर काढली.

सेल्फ मारला. एका दमात इंजिन सुरू झालं. काका काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त इंजिनावर हात ठेवला, जसा बैलाच्या पाठीवर ठेवतात.

गंज इथेच का चढतो?

खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, हे तुम्ही घराच्या गजांवर रोज बघता. पण होडीत आणखी एक भानगड असते. तांबं आणि लोखंड असे दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून खाऱ्या पाण्यात ठेवले, की त्यांची छोटी बॅटरीच बनते! इटलीच्या व्होल्टानं १८०० मध्ये पहिली बॅटरी अशीच केली होती. दोन वेगळ्या धातूंच्या चकत्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे. होडीत मात्र ही बॅटरी नको असताना तयार होते आणि त्यात एक धातू झिजत जातो.

१८२४ मध्ये इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीनं यावर तोड काढली. त्या वेळी लढाऊ जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा असे आणि तो समुद्रात झिजे. डेव्हीनं त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. ते तुकडे स्वतः झिजले आणि तांबं वाचलं. पण पुढची गंमत ऐका. न झिजणाऱ्या त्या तांब्यावर शेवाळ आणि कवचाचे जीव भराभर चिकटू लागले आणि जहाजं मंदावली. विरघळणारं तांबंच त्या जिवांना दूर ठेवत होतं! एक दुरुस्ती केली, की दुसरीकडे काय होतं तेही बघावं लागतं. असो. आजही अनेक बोटींच्या पंख्याजवळ जस्ताची वडी लावतात. ती झिजली की बदलायची. ती झिजते, म्हणजे आपलं काम करते.

करून पाहू या

तीन काचेचे पेले घ्या. प्रत्येकात पाणी आणि दोन चमचे मीठ. तीन लोखंडी खिळे पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा. पहिला खिळा तसाच ठेवा. दुसऱ्याला तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळा. तिसऱ्याला जस्ताचा मुलामा असलेली तार, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती जी.आय. तार, गुंडाळा. रोज एकदा बघा आणि वहीत लिहा. कोणता खिळा सगळ्यांत जास्त गंजला? कोणता कमी? का?

भाच्याच्या वहीतलं एक पान

तो म्हणाला, “बाई, हे मुलांना द्या.” म्हणून देते.

१. सेल्फ फिरतच नाही? बॅटरी, सांधे, अर्थिंग बघा. डिझेलला हात लावू नका.

२. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही? मग वीज ठीक आहे. डिझेल, फिल्टर आणि एअर बघा.

३. इंजिन चालतं, पण तापतं? थंड करणारं पाणी बाहेर पडतं का ते बघा. पाणी ओढण्याच्या तोंडाशी बऱ्याचदा प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली असते. (म्हणून खाडीत पिशव्या टाकू नका!)

४. धूर काळा? डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा? इंजिन ऑइल जळतंय. पांढरा? डिझेल नीट जळत नाही किंवा आत पाणी जातंय.

५. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशानं बरं झालं हे कधीच कळत नाही.

पाचवा नियम मी आमच्या वर्गाच्या भिंतीवर लावला आहे. गणित चुकलं, तरी तोच उपयोगी पडतो.

पालकांसाठी दोन शब्द

एक गोष्ट कबूल करायची राहिली. त्या दिवशी होडीत तीन मुलं होती आणि एकाच्याही अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. खाडी रोजची, काका ओळखीचे, वाट थोडी, म्हणून मीही विचारलं नाही. शिक्षिका असून विचारलं नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान बोट ताबा सुटून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि अनेकांचे प्राण गेले. इंजिन नवं असो वा जुनं, ते कधी दगा देईल हे सांगता येत नाही. जॅकेट अंगात असेल तरच उपयोगी. फळीखाली बांधून ठेवलेलं नाही.

आणि मुलांना बॅटरी, डिझेल, पेट्रोल यांच्याशी एकटं खेळू देऊ नका. बॅटरीत आम्ल असतं आणि चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. नोझलचा फवारा कातडीतूनही आत शिरतो. बघायला मात्र जरूर न्या. तुमच्या गावात कुणी पंप, ट्रॅक्टर, रिक्षा किंवा होडी दुरुस्त करत असेल, तर मुलांना तासभर तिथं उभं राहू द्या. प्रश्न विचारू द्या.

काकांनी होडी विकली नाही. आता त्यांच्या होडीत सहा जॅकेटं आहेत, दोन छोटी. चढताना काका आधी जॅकेट हातात देतात, मग हात देतात. परवा माझी लेक म्हणाली, “काका, इंजिन बंद पडलं तर?” काका हसले. म्हणाले, “तूच सांग, आदी काय?”

लेक म्हणाली, “आधी नांगर!”

तर मुलांनो, तुमच्या तीन पेल्यांचं काय झालं, ते मला पत्रानं नक्की कळवा. आणि तुमच्या घरातलं एखादं यंत्र बंद पडलं असेल, तर दोष कुठे होता आणि तो कसा शोधला, तेही लिहा. पण मोठ्या माणसाला बरोबर घेऊन बरं का!

तुमच्या बाई